ताकाची पोरं, दुधाची पोरं

दूध विरजताना ती बोलायची नाही. करंगळी दुधात बुडवायची आणि नुसते ओठ हलवायची. ओठ थांबेपर्यंत करंगळी आत राहिली, तर दूध बरोबर कोमट.

दह्याचं भांडं नवऱ्याच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळायची. बाह्यांची गाठ मारायची. पोराला मफलर बांधावा तशी.

कुणी शिंकलं की हातातलं काम थांबवून कोण शिंकलं ते बघायची. कुठलंही पोर समोर आलं की आधी नाक बघायची, मग तोंड. खोकणाऱ्या पोराच्या पाठीला कान लावायची आणि डोळे मिटायची. आत काय ऐकू यायचं ते सांगायची नाही.

उल्हासनगरच्या सिंधी दुकानदारालाही जयभीम घालायची. तोही म्हणायचा, "जयभीम, माई. क्या दूं?"

दिवे लागले की कुणाला विरजण द्यायची नाही. दिवसा कुणी मागितलं तर नाही म्हणायची नाही. धम्म घेतल्यावर घरातले देव गेले, नवस गेले, उपास गेले. विरजणाचा नियम तेवढा राहिला. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

तिचं नाव द्रौपदी शेजवळ. मी अंबरनाथच्या बुवापाड्यात बालवाडीची बाई झाले तेव्हा ती तिथे मदतनीस होती. ते साल एकोणीसशे एकोणनव्वद. मराठी साहित्य घेऊन मी नुकतीच बी.ए. झाले होते. नाकं पुसण्याचा अनुभव शून्य. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "शिकलीस किती?"

"बी.ए."

"बरं. बीए, ते पोरगं धर. पडंल."

तेव्हापासून मी बीए. ती मावशी. तिची साठी जवळ आली होती, माझी विशी नुकतीच उलटली होती. आमची मैत्री झाली. कशी झाली ते मला अजून नीट सांगता येत नाही.

बालवाडी म्हणजे बुद्धविहाराला लागून एक पत्र्याची खोली. सगळी पोरं एकदम मावायची नाहीत. म्हणून अर्धी सकाळी यायची, अर्धी दुपारी. बालवाडी चालवणाऱ्या मंडळाकडून दुधाची पावडर मिळायची. ते दूध पोरं तोंडात धरायची आणि कोपऱ्यात जाऊन थुंकायची. मावशीने एक दिवस त्या दुधाचं दही लावलं. ताक केलं. मीठ टाकलं, जिरं चुरडून टाकलं. पोरांनी ग्लास चाटून ठेवले. मग रोज ताक.

विरजण तिच्या घरचं. पूर्वी ती उल्हासनगरला एका सिंधी बाईकडे पापड लाटायला जायची. तिथून वाटीभर मागून आणलेलं. त्यालाही खूप वर्षं झाली होती. ते मोडलं नव्हतं.

"ताक पिणाऱ्या पोरांचं नाक कमी वाहतं," ती म्हणायची.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? नाकं मीच पुसते ना."

मी हसायचे. आमच्या घरी हिवाळ्यात दह्याला हात लावू देत नसत. खोकल्यात आंबट नको, हे मला अ-आ-इ येण्याआधीपासून माहीत होतं. सगळ्या पाड्याला माहीत होतं. मावशी एकटी उलटं बोलायची. आणि पोरं ताक पीत होती, तोवर कुणी भांडलं नाही.

मग ती थंडी आली. खोकला आणि ताप घरोघर फिरला. पोरं तापली, मोठी माणसं तापली. अंजनी नावाची बाई बालवाडीच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा फॅक्टरीत. एकुलता एक मुलगा नाथा, चार वर्षांचा. तो सकाळच्या पोरांत होता. ताकाचा दुसरा ग्लास मागणारा. त्याला ताप भरला, छाती भरली, श्वास लागला. उल्हासनगरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं.

नाथा वाचला. घरी आला. त्याच दुपारी अंजनी बालवाडीच्या दारात उभी राहिली. मागे अर्धी गल्ली.

"मावशे, बाहेर ये."

मावशी ओले हात पुसत बाहेर आली. आधी तिने विचारलं, "नाथा कसा हाय?"

"तू नाव घेऊ नको त्याचं! थंडीत ताक पाजतेस पोरांना. आंबट, गार. सगळी दुनिया सांगते देऊ नको. तुला लय अक्कल. तुझ्या हातचं पिऊन माझा पोर मरत होता."

मी मध्ये काही बोलायला गेले. मावशीने माझा दंड धरला. नुसती अंजनीकडे बघत राहिली.

मंडळाचा सेक्रेटरी कमळाकर. मुंबईला ऑफिसात होता, खिशात इस्त्रीचा रुमाल ठेवायचा. तो समजूतदार माणूस. संध्याकाळी येऊन म्हणाला, "मावशी, मी काही तुम्हाला दोष देत नाही. पण पब्लिक ऐकणार नाही. ताक बंद करा. दूधच द्या."

"पोरं थुंकतात."

"थुंकू द्या."

तो गेला. मावशी रिकाम्या ग्लासांसमोर बसून राहिली. मग म्हणाली, "बीए, माझ्या हातानं झालं का गं?"

मी "नाही" म्हणाले.

"तुला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "मला पण न्हाई. मला कळाय पायजे."

ते तिला कळायला हवं होतं. पुढची जवळजवळ तीन वर्षं ती त्यासाठीच धावत होती. मी तिच्या मागून.

पहिल्यांदा आम्ही नाथाला ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डॉक्टर हरपलानी. उल्हासनगरला फर्निचरच्या बाजाराजवळ त्यांचा दवाखाना होता. पेशंट बाकड्यावर, जिन्यात, रस्त्यावर. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावला.

"मला काय झालं न्हाई," मावशी म्हणाली. "मी पोरांना ताक देते. त्यानं पोरगं मरतं का, ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप काढला. सगळं ऐकून घेतलं.

"देखो माई," त्या म्हणाल्या, "नाथाला जो झाला तो व्हायरस. विषाणू. एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या नाकात जातो. त्याच्या बापाला ताप होता ना आधी? ताकामुळे नाही झालं."

मावशीने मोठा श्वास सोडला. पण ती उठली नाही.

"मग मी म्हणते ते खरं का? ताक पिणाऱ्याला कमी होतं, हे?"

"वो मैं नहीं जानती."

"तुम्ही डॉक्टर असून?"

"डॉक्टर हूं, इसलिए बोल रही हूं." त्या हसल्या. "दह्यात चांगले जंतू असतात. जिवंत. त्यांना इंग्रजीत प्रोबायोटिक म्हणायला लागलेत. पोटाला चांगले, हे मी पण सांगते. ते आतड्यात राहून सगळ्या अंगाची राखण करतात का, सर्दीच्या विषाणूंशी लढायला मदत करतात का, यावर बाहेरच्या देशांत काही लोक काम करतायत. मी थोडं वाचलं. पक्का काही नाही."

"जिवंत?" मावशी म्हणाली. "दह्यात जिवंत?"

"हां माई. म्हणून तर थोड्याशा विरजणाने सगळं दूध लागतं. ते वाढतात."

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे असे मोठे झालेले मी पहिल्यांदा पाहिले. इतकी वर्षं ती स्वेटरमध्ये काय गुंडाळत होती, ते तिला आत्ता कळलं होतं.

"मग पक्कं कसं करायचं?" तिने विचारलं.

बाकड्यावरचे पेशंट कुरकुरत होते. डॉक्टरीणबाईंनी तरी सांगितलं. सारखी पोरं घ्यायची. एकाच पाड्यातली, एकाच वयाची. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. आपण निवडायचं नाही. एका गटाला ताक, दुसऱ्याला त्याच पावडरचं दूध. एकच हिवाळा. कुणाला सर्दी-ताप किती होतो ते लिहायचं. आई-बापांना आधी सगळं सांगायचं. मग बघायचं.

"एवढंच?"

"एवढंच. पण अवघड आहे."

"यात काय अवघड?" मावशी म्हणाली. दवाखान्यातून ती पळतच बाहेर आली. रस्त्यावर मला थांबवून म्हणाली, "बीए, असं विचारता येतं, हे तुमच्या कॉलेजात शिकवलं न्हाई?"

नव्हतं शिकवलं. मी थक्क होते. ताकाला प्रश्न विचारता येतो. आणि उत्तरासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

कमळाकरला पटवायला उन्हाळा गेला. शेवटी पावसाळा संपताना विहारात बैठक बसली. कमळाकरने उभं राहून सगळं सांगितलं. ज्यांना नको त्यांनी घेऊ नका, म्हणाला. एक हिवाळा. काही फरक दिसला नाही तर ताक कायमचं बंद.

"आणि फरक दिसला तर?" मावशीने मागून विचारलं.

"तर दोन्ही वेळच्या पोरांना ताक. मी स्वतः वाढेन."

मावशीचे यजमान शंकरराव पुढे बसले होते. फॅक्टरीतून रिटायर. ते म्हणाले, "मला पण घाला एका गटात. घरी काय मिळतं ते कळू द्या पब्लिकला." सगळे हसले. अंजनी हसली नाही.

चिठ्ठ्या टाकल्या. ताकाची पोरं सकाळी, दुधाची पोरं दुपारी. नाथाची चिठ्ठी ताकाची निघाली. अंजनी ताडकन उठली. "माझा पोर ताक पिणार नाय. तो दुधात." नियम मोडला. पण तिच्यापुढे कोण बोलणार? नाथा दुधात गेला. आणि बालवाडीत येऊन पहिल्याच दिवशी दूध थुंकला.

मी भिंतीवर दोन कॅलेंडरं लावली. एक ताकाचं, एक दुधाचं. कुणाचं नाक वाहिलं की त्या दिवसाच्या चौकोनात लाल पेन्सिलीने एक टिंब. ताप आला की टिंबाभोवती गोल. कोणीही यावं, बघावं.

आणि लोक यायला लागले. थंडी पडली तशी दुधाचं कॅलेंडर लाल होत गेलं. ताकाच्या कॅलेंडरवर टिंबं होती, पण विरळ. मला खरं वाटेना. मी पुन्हा पुन्हा बघायचे. रात्रपाळीहून परतणारे कामगार दारात थांबून विचारायचे, "काय बाई, स्कोर काय?" सकाळची पोरं आत येताना मान वर करून नाकं दाखवायची. "बाई, माझं बघा! कोरडं!" एकाने शेंबूड बाहीला पुसून कोरडं नाक दाखवलं. मावशीने बाही पकडली. टिंब पडलं. तो रडला. गट हरेल म्हणून रडला.

मावशी तर उडत होती. झाडू मारता मारता कॅलेंडरापाशी थांबायची. टिंबं मोजायची नाही, मोजणं तिला आवडायचं नाही. डोळे बारीक करून दोन्हीकडे बघायची. "हे बघ. हे ताटात मसूर सांडल्यासारखं. आणि हे नुसतं मोहरीचे दोन दाणे." मग हळूच, "म्हणजे माझ्या हातानं न्हाई झालं, न्हाई का?"

"डॉक्टरीणबाई तर आधीच म्हणाल्या होत्या."

"त्या म्हणाल्या. आता मी बघते."

जानेवारी लागला. थंडी वाढली. शेजारच्या पाड्यांत खोकला जोरात होता. आणि आमच्या दुधाच्या कॅलेंडरवर टिंबं पडायची थांबली.

आधी मला वाटलं, मी विसरतेय. पण नाही. दुपारची पोरं रांगेत बसली होती आणि सगळ्यांची नाकं कोरडी. नाथाचं सुद्धा. नाथा दूध थुंकत होता आणि ठणठणीत होता.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. दोन्ही कॅलेंडरं सारखी दिसायला लागली.

मावशी बसली. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे ताकाचं काय न्हाई," ती म्हणाली. "आधीचं नुसतंच झालं. अंजनी म्हणते तेच खरं असंल."

मला बघवेना. मी घरोघर जायचं ठरवलं. पोरं घरी खोकतात आणि आया लपवतात की काय, ते बघायला. पहिलं घर अंजनीचं.

अंजनी भाकऱ्या करत होती. नाथा कोपऱ्यात बसून भात खात होता. भातावर पांढरं काहीतरी होतं.

"अंजनीताई, ते काय?"

"काय?"

"ते भातावर."

नाथाच म्हणाला, "दही." आणि बोटं चाटली.

चुलीच्या मागे एक भांडं होतं. पोराच्या जुन्या टोपीत बसवलेलं. टोपीचे बंद वरून बांधलेले.

मी अंजनीकडे बघितलं. ती भाकरी थापतच राहिली. मग एकदम म्हणाली, "मी काय आंधळी हाय? सकाळची पोरं बघते ना रोज जाताना. नाकं कोरडी. आणि माझा पोर फुरफुर करतोय. मग मी काय कॅलेंडर बघत बसू?"

"पण तुम्हीच म्हणालात ताक नको."

"ताक कुठं दिलं मी? दही हाय ते. आणि गरम भातावर."

"विरजण कुठून आणलंत?"

"मावशीकडं नाय गेले मी मागायला. मला लाज नाय का? विठाकडून आणलं."

विठा दोन घरं सोडून राहायची. तिचाही मुलगा दुधाच्या पोरांत. मी विठाकडे गेले. तिच्या घरी दह्याचं मडकं. शेजारी सुंदराबाईच्या घरी दही. तिच्या शेजारी दही. मी दार वाजवायचे आणि आत वास यायचा. जवळजवळ सगळ्या दुधाच्या पोरांच्या घरी दही लागत होतं. मला धाप लागली होती. मी हसत होते की रडत होते, कुणास ठाऊक.

"विठाताई, तुम्हाला कुणी दिलं?"

"मावशीनं. आणि कोण देणार?"

मी पळत बालवाडीत आले. मावशी ग्लास विसळत होती.

"मावशी, तुम्ही विठाला विरजण दिलं?"

"दिलं की."

"सुंदराबाईला?"

"तिला पण. आणि त्या कोपऱ्यावरच्या..."

"मावशी! ती दुधाची पोरं आहेत!"

"मग? पोरांना मी बालवाडीत दूधच देते. एक थेंब ताक दिलं न्हाई. तुझ्यासमोर देते."

"विरजण कशाला नेतात बाया?"

"दही लावाय."

"आणि दही कशाला?"

ती बोलायला गेली. थांबली. हातातला ग्लास तसाच राहिला. मग तिने ओला हात कपाळावर मारला.

"आगं बाई," ती म्हणाली. "आगं बाई गं."

तिच्या डोक्यात ते दोन्ही कधी जुळलंच नव्हतं. बालवाडीतला ग्लास म्हणजे बघणं, तपासणं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. आणि दारात वाटी घेऊन उभी असलेली बाई म्हणजे दारात उभी असलेली बाई. तिला द्यायचंच.

"बीए, ऊन होतं गं," ती म्हणाली. "भर उन्हात वाटी घेऊन आल्या. न्हाई कशी म्हणू?"

आणि मग ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली. मीही हसले. दुपारची पोरं आम्हाला बघून हसली. नाथाने विचारलं, "बाई, आम्ही जिंकलो?"

डॉक्टर हरपलानी ऐकून इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.

"माई, आपने दोनों को दवा पिला दी!"

"मग यातून काय निघालं?"

"काही नाही. कदाचित दह्यामुळे दुधाची मुलं बरी झाली. कदाचित तुमच्या गल्लीतला खोकला तेव्हाच संपला. अंजनीने मुलगा इकडून तिकडे केला, ते पण चुकलं. सांगता येत नाही."

बुवापाड्याला मात्र सांगता येत होतं. अंजनी दही लावते, ही बातमी कॅलेंडरापेक्षा मोठी होती. कमळाकरने दुसरी बैठकसुद्धा घेतली नाही. ऑफिसला जायच्या आधी सकाळी आला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. स्वतः ताक वाढलं, बोलल्याप्रमाणे. दुपारच्या पोरांनाही ताक सुरू झालं. अंजनी आली. मावशीसमोर उभी राहिली. वाटी पुढे केली.

"माझं विरजण मोडलं," ती म्हणाली. "नाथ्यानं सगळं खाल्लं."

मावशीने वाटी भरून दिली. अंजनीने जाताना तिचा हात दाबला.

मला वाटलं, झालं. जिंकलो. मावशीला तसं वाटलं नाही.

"सगळे म्हणतात खरं हाय," ती म्हणाली. "आधी सगळे म्हणायचे खोटं हाय. त्यात फरक काय, बीए? मला अजून कळलंच न्हाई."

बुवापाड्यात आता घरोघर दही, म्हणून पुढच्या थंडीत ती सुट्टी काढून बदलापूरला गेली. मांजर्लीत तिची मुलगी गयाबाई राहायची. नदीपासून जवळ, चाळीत. तिथे एक बालवाडी होती. तिथल्या बाईंना मावशीने पटवलं. आयांना बसवून सगळं सांगितलं. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा दोन गट, पुन्हा कॅलेंडरं. मी रविवारी जायचे आणि ती मला दारातच बातम्या द्यायची. या वेळी तिने हुशारी केली होती. मुलीच्या घरी दहीच लावायचं नाही. विरजण बालवाडीच्या कपाटात, कुलपात.

एका रविवारी ती जेवली नाही.

"काय झालं?"

गयाबाई म्हणाली, "शेजारीण वाटी घेऊन आली होती. आईनं न्हाई म्हटलं. तेव्हापासून बसलीय अशी."

"भर दुपारी गं," मावशी म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा."

तरी तिने नेट धरला. डिसेंबर अर्धा सरला. दुधाच्या पोरांत काशी नावाची एक मुलगी होती. काटकुळी, तीन वर्षांची. तिला सारखी सर्दी. तिच्या नावाचं टिंब रोज पडायचं. एका सकाळी मावशीने तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावला. मग उठली, ताकाचं पातेलं उघडलं, काशीच्या ग्लासात ताक ओतलं. बाकीची दुधाची पोरं बघत होती. तिने त्यांच्याही ग्लासात ओतलं. सगळ्यांच्या. मग कॅलेंडरं उतरवून गुंडाळली.

हे तिने मला स्वतः सांगितलं. मान खाली घालून नाही. सरळ बघून.

"आपल्याला वाटतंय ह्यानं बरं वाटंल, आणि पोरासमोर दूध घेऊन उभं राहायचं. हे मला जमायचं न्हाई. मरू दे उत्तर."

काशी बरी झाली. ताकाने, की काशीच्या आईने डॉक्टरकडून औषध आणलं म्हणून, ते कळलं नाही. ते कळणार नाही, हे मावशीला पक्कं माहीत होतं.

मला वाटलं, आता ती सोडून देईल. आम्ही डॉक्टर हरपलानींना सांगायला गेलो, ते फक्त सांगायचं म्हणून. त्या या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माई, तुमच्या जागी मी पण हेच केलं असतं. म्हणून मोठ्या ठिकाणी वाटणाऱ्यालाच कळू देत नाहीत. दोन्ही ग्लास सारखे दिसतात, सारखे लागतात. एकात जिवंत जंतू, एकात नाही. कोणता कोणाला गेला ते दुसऱ्या कुणाला माहीत."

मावशी खुर्चीच्या कडेला आली.

"वाटणाऱ्याला कळू द्यायचं न्हाई?"

"हां."

"पिणाऱ्याला पण?"

"पिणाऱ्याला पण."

"म्हणजे खोटं ताक पायजे!"

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मावशी उठून उभीच राहिली. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. ती दवाखान्यातून निघाली ती थेट बाजारात, लिंबं घ्यायला.

त्या उन्हाळ्यात तिचं स्वयंपाकघर बघायला हवं होतं. पावडरच्या दुधात लिंबू पिळलं. फाटलं. चिंच घातली. रंग गेला. मग तिला सुचलं, खऱ्या ताकालाच उकळायचं, म्हणजे आतले जंतू मरतील आणि चव तीच राहील. ताक उकळलं. तेही फाटलं. खाली चोथा, वर पाणी.

"कढी फाटत न्हाई," ती दुसऱ्या दिवशी बालवाडीत येऊन ओरडली. "बीए, कढी का फाटत न्हाई? बेसन असतं म्हणून!"

तिने बेसन लावून ताक उकळलं, थंड केलं, मीठ-जिरं घातलं. दोन ग्लास माझ्यासमोर ठेवले. "वळख."

मी पहिल्या घोटातच ओळखलं. बेसनाचा वास. शंकररावांनीही ओळखलं. ते म्हणाले, "आता मी कुठल्या गटात आहे, तेवढं सांग. तीन दिवस गार कढी पितोय."

"तुम्ही गप पिवा."

मग तांदळाचं पीठ. ते जमायला लागलं. वास येत नव्हता. पण घट्ट व्हायचं. कमी घातलं की फाटायचं. जास्त घातलं की पेज. रोज ग्लास यायचा. अंजनी यायची, विठा यायची. ओळीने बसून डोळे मिटून प्यायच्या. एकदा अंजनीने खोटं ताक खरं म्हणून सांगितलं आणि मावशीने तिला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी तिने बरोबर ओळखलं, तर मावशी तिच्यावर चिडली.

"तुझी जीभ लय शानी झालीय."

"तूच केलीस," अंजनी म्हणाली.

चिठ्ठ्या मी टाकणार होते. कोणता ग्लास कुणाला, ती यादी डॉक्टरीणबाईंकडे राहणार होती. मावशीने फक्त वाटायचं, आणि तिलाही कळणार नाही. थंडीच्या आत जमलं पाहिजे, असं ती म्हणायची. जवळ आलंय, असंही म्हणायची.

थंडी पडायच्या आधी ती गेली. आजारी नव्हती. सकाळी उठली, चहा केला, बसली, आणि गेली. डॉक्टर हृदय म्हणाले.

दुपारी मी घरी गेले तेव्हा ओट्यावर उकळलेल्या ताकाचं पातेलं होतं. थंड झालेलं. मी चमच्याने थोडं चाखलं. जवळजवळ ताकच होतं. जिभेवर मागे किंचित काहीतरी राहत होतं. शेजारी पिठाचा डबा उघडा. मूठभर घ्यायचं की चिमूटभर, ते ठरायचं राहिलं होतं.